आज सांबार खारट आहे

वत्सल टिफिन रूमच्या मल्लेश्वरम शाखेत एका गुरुवारी सकाळी सांबार खारट झालं. संस्थापक श्रीवत्सअण्णा गल्ल्यापाशीच बसले होते. त्यांनी चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि बाहेरच्या फळ्यावर खडूने कन्नड आणि इंग्रजीत लिहिलं, ‘आज सांबार खारट झालं आहे. क्षमा करा. चटणी घ्या.’ यात आपण काही विशेष केलं असं अण्णांना वाटलं नाही. खारट होतं, म्हणून खारट लिहिलं.

कोणीतरी फळ्याचा फोटो काढला. दुपारपर्यंत तो साऱ्या शहराच्या फोनवर फिरला आणि संध्याकाळी अण्णा ‘बेंगळुरूतला शेवटचा खरा माणूस’ झाले. दुसऱ्या दिवशी दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग लागली. दुर्दैवाने त्या दिवशी सांबार चांगलं झालं होतं आणि फळा कोरा होता. रांगेतले एक गृहस्थ फळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. “म्हणजे आज लपवताय तर!” असं म्हणून ते निघून गेले. त्यांच्यामागोमाग आणखी चाळीस जण गेले.

पुढच्या आठवड्यात माझी नेमणूक झाली. मी निहार, मूळचा पुण्याचा. त्याआधी सहा वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत, न बिघडलेल्या गोष्टींच्या दुरुस्तीचं काम बघत होतो. तो अनुभव इथे उपयोगी पडेल असं मुलाखतीत ठरलं. पद मिळालं ‘मूल्य-अनुपालन प्रमुख’. संस्थापकांच्या सचोटीत खंड पडू न देणं एवढीच जबाबदारी होती.

मी धोरण आखलं. अकरा शाखांपैकी प्रत्येकीने सकाळी साडेसातपूर्वी फळ्यावर किमान एक कबुली द्यावी. सुरुवातीला निसर्गाने साथ दिली. कुठे डोसा तव्याला चिकटला, कुठे कॉफीचं डिकॉक्शन पाणचट उतरलं. पण सर्वेक्षणात निघालं की लोकांना डोशाची कबुली किरकोळ वाटते. त्यांना सांबारच हवं होतं.

अडचण अशी की अकराही शाखांचं सांबार यशवंतपूरच्या मुख्य स्वयंपाकघरातून येई आणि ते वसुमतीअक्का करत. अक्कांचं घराणं मराठी, पण चारशे वर्षांपासून इथलंच. एकतीस वर्षांत त्यांच्या स्वयंपाकघराचं सांबार एकदाच खारट झालं होतं, त्या गुरुवारी. त्या दिवशी अक्का तापाने रजेवर होत्या.

न बिघडलेलं सांबार बिघडलं म्हणून लिहिणं अण्णांच्या तत्त्वात बसत नव्हतं. खोटं त्यांना खपत नसे. त्यामुळे सांबार खरोखर खारट करणं हाच नैतिक मार्ग उरला. मी ‘नियोजित त्रुटींचं वेळापत्रक’ घेऊन यशवंतपूरला गेलो.

अक्कांनी ते दोनदा वाचलं. “अय्यो निहार, म्हणजे मी मुद्दाम मीठ जास्ती घालू?”

“मुद्दाम नाही अक्का, वेळापत्रकाप्रमाणे.”

“लोक पैसे देऊन खातात रे ते.”

“खारट आहे हे त्यांना आधी सांगतो आपण. फसवणूक कुठे आहे?”

“आणि चांगलं करून चांगलं आहे म्हटलं तर?”

“ती जाहिरात होते.”

अक्कांनी उकळत्या पातेल्यात डाव फिरवला. “सरी,” म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाल्या. मी पोच म्हणून त्यांची सही घेतली.

दुसऱ्या दिवसापासून अकराही फळ्यांवर रोज खारट सांबाराची कबुली झळकू लागली आणि योजना यशस्वी झाली. शाल्मली नावाची एक बाई फोनवरून शहराला काय खावं ते सांगते, साडेतीन लाख लोक तिचं ऐकतात. तिने लिहिलं, ‘जिभेवर रेंगाळणारा हा खारटपणा म्हणजे एका माणसाचं चारित्र्य आहे.’ लोक घरून पाण्याच्या बाटल्या आणू लागले. आजोबा नातवंडांना फळा वाचून दाखवू लागले. अण्णांना व्याख्यानांची बोलावणी आली, विषय अर्थातच सत्य.

एकविसाव्या दिवशी व्याख्यानाहून परतताना अण्णांना भूक लागली. ते मल्लेश्वरमला थांबले, इडली सांबारात बुडवून त्यांनी तोंडात घातली आणि त्यांचा चेहरा पडला. सांबार अप्रतिम होतं. त्यांनी अक्कांना तिथूनच फोन लावला.

“अक्का, मीठ?”

“जेवढं लागतं तेवढं घातलंय, अण्णा.”

“आणि कालचं? परवाचं?”

“पहिल्या दिवसापासून तेवढंच. हात गेला नाही हो माझा.”

एकवीस दिवस अकरा फळे खोटं बोलत होते आणि खाणाऱ्या हजारोंपैकी एकालाही ते कळलं नव्हतं. मी सुचवलं की हे कोणालाच कळत नसेल तर ते सांबार तांत्रिकदृष्ट्या खारटच धरावं. पण अण्णा मुळात सच्चे. त्यांनी खडू उचलला. ‘गेले एकवीस दिवस सांबार खारट नव्हतं. चांगलं होतं. आम्ही खोटं लिहिलं. क्षमा करा.’

टाळ्या पडल्या. एवढी मोठी कबुली शहराने पाहिली नव्हती. अण्णांना दोन पुरस्कार त्याच संध्याकाळी जाहीर झाले. फक्त शाल्मलीने एक प्रश्न विचारला. “सांबार खारट नव्हतं, तर मला खारट लागत होतं ते काय?”

साडेतीन लाख लोकांना हाच प्रश्न पडला. लबाडी करणाऱ्याला त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं होतं. आपल्याला मूर्ख बनवणारा कोण, हे मात्र त्यांना नावानिशी हवं होतं. मी आरोपपत्र तयार केलं. ‘श्रीमती वसुमती यांनी सलग एकवीस दिवस, वरिष्ठांना अंधारात ठेवून, उत्तम सांबार केलं आणि त्यायोगे संस्थापकांना खोटं पाडलं.’ त्यात एक शब्दही असत्य नव्हता, त्यामुळे अण्णांना सही करावीच लागली. सही करताना त्यांचे डोळे भरून आले. त्याचाही फोटो निघाला, माझ्याच सूचनेवरून.

अक्का आता शहराबाहेर, देवनहळ्ळीत असतात. नव्या वसाहतीच्या तोंडाशी त्यांनी एक गाळा भाड्याने घेतला आहे. मागच्या रविवारी मी गेलो. माझ्याशिवाय दोन रिक्षावाले होते. सांबार खाल्लं आणि मला माझी लाज वाटली. बऱ्याच वर्षांनी वाटली, त्यामुळे आधी ओळखू आली नाही.

“गिऱ्हाईक नाही रे,” अक्का म्हणाल्या. “दिवाळीपर्यंत बघते. नाही जमलं तर बंद. मग मुलीकडे जाऊन बसायचं, हैदराबादला.”

“बाहेर एक फळा लावा, अक्का. स्वल्प काहीतरी बिघडलंय असं लिहा. मी मजकूर देतो.”

“बिघडलेलं नाही, तर बिघडलंय असं कसं लिहू?” त्यांनी मला आणखी एक इडली वाढली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी फोनवर एक ओळ लिहिली, ‘इथलं सांबार उत्तम आहे.’ तासाभरात खाली अकरा जणांची उत्तरं आली. किती मिळाले? बाई नात्यातली का? इतकं चांगलं आहे तर गर्दी का नाही? एकाने फक्त हसणारा चेहरा टाकला होता, त्याला सर्वांत जास्त पसंती मिळाली.

म्हणून हे सगळं पहिल्यापासून सांगितलं. देवनहळ्ळी, किल्ल्याच्या मागचा रस्ता, निळ्या शटरचा गाळा, सकाळी सात ते दहा. सांबार उत्तम आहे.

आलं ना मनात? ‘अच्छा, म्हणजे जाहिरात होती तर.’