अस्वलाच्या कातड्यातला बाप

टीव्हीसाठी भुताटकीचा सिनेमा काढायला आलेल्या मंडळींनी धाकलूला सकाळी आठला अस्वलाच्या कातड्यात घातलं आणि पाठ सुतळीनं शिवून टाकली. अंग अस्वलाचं, तोंड सुसरीचं. असलं जनावर काळी नदीच्या काठानं सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं. पण शहरातल्या माणसाला जंगल म्हणजे काय, कुणाचंही मुंडकं कुणालाही चिकटवायची जागा.

"धा वाजता सोडणार न्हवं सायेब? लेकीला बघायला पावणं येत्यात. पायावर पाणी मलाच द्यायला लागतंय."

"अर्ध्या तासाचं काम रे," दिग्दर्शक म्हणाला. मग कॅमेऱ्याची बॅटरी बसली आणि सगळी टोळी जीपनं रामनगरला गेली. पाठ शिवणारा दाभणवालाही गेला. आत माणूस शिवलाय याची आठवण एकालाही राहिली नाही.

मुलीच्या बापानं पाणी दिल्याशिवाय पाहुणे टेकत नाहीत, आणि न टेकता परत फिरले तर स्थळ मोडलंच. उन्हं डोक्यावर आली तशी धाकलूनं शेपूट काखेत मारलं आणि घराची वाट धरली.

पाहुणे अंगणात ताटकळत उभेच होते. खानापूरकडचे परशूअण्णा, त्यांची बायको केशरअक्का आणि मुलगा वासू. धाकलू लगबगीनं कळशीकडे धावला. "मीच हाय" असं तो म्हणाला खरा, पण रबरी जबड्यातून नुसतं "हुं हुं" बाहेर पडलं.

सगळ्यांच्या आधी वासू घरात शिरला, आईबाप त्याच्यामागून. पाण्याची वाट न बघता तिघंही थेट माजघरात टेकले.

"आई, दार लाव आतनं," म्हणत लेक फुला मुसळ घेऊन बाहेर आली. अस्वलाला नाकावर हाणायचं, हे तिला बापानंच शिकवलं होतं. या जनावराचं नाक नेमकं कुठं, ते तिला कळेना. म्हणून तिनं पाठीवर हाणलं, कमरेवर हाणलं. धाकलू बांबूच्या बेटात पळाला, तेव्हा कुठं सुतळी उसवली.

तो बनियनवर लंगडत घरात आला, तेव्हा केशरअक्का फुलाचा हात सोडत नव्हती.

"पोरगी वाघीण हाय. आमच्या वासूला अशीच पायजे. तुमी कुठं हुता पावणं?"

धाकलूनं दुखऱ्या कमरेवरचा हात पटकन खाली घेतला. बापाला मुसळानं झोडपणारी पोरगी कोण सून करून घेणार?

"झाडावर," तो म्हणाला. "जनावर बघून चढलो."

"आईवर गेली, बरं झालं," केशरअक्का म्हणाली. "लग्नादिवशी तरी खाली ऱ्हावा म्हंजे झालं."