एकशे एकोणीस

वजनकाट्यावरचे कारकून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांची बायको गेली. आठ महिन्यांनी परदेशातल्या लेकीने घरी वापरायचा काचेचा वजनकाटा पाठवला. “बाबा, दर रविवारी वजन करायचं आणि मला सांगायचं.”

पहिल्या रविवारी काटा म्हणाला, एकशे एकोणीस. (शेजारी दोन बारीक इंग्रजी अक्षरं होती, ती कारकुनांनी कंपनीच्या नावावर खपवली.) पस्तीस वर्षं ट्रक तोलले, पण आपणच ट्रक होऊ असं वाटलं नव्हतं! आरशात गालफडं बसलेली दिसत होती. पण आरशाचं काय घेऊन बसलात? काटा खोटं बोलत नाही, हे त्यांनी शेकडो ड्रायव्हरांना ऐकवलं होतं.

“अगं बाई! एकशे एकोणीस?” फोनवर लेक हबकली. “बाबा, जरा मनावर घ्या हो.”

बाबांनी घेतलं. तशी त्यांची अन्नावरची वासना उडालीच होती. एका माणसासाठी चूल पेटवायला हात उठत नसे. आता त्या न जेवण्याला पथ्य असं भारदस्त नाव मिळालं, एवढंच. पँट घसरू लागली, तर ते पट्ट्यावर चिडले.

“एकशे चौदा!” तिसऱ्या रविवारी ते विजयाने म्हणाले.

पलीकडे लेक रडू लागली. पोरीला आनंद आवरेना, असं त्यांना वाटलं.

“एकशे आठ!” ऐकताच तिने तिकीट काढलं.

दार उघडताच ती उंबऱ्यातच थबकली. “बाबा, हे काय करून घेतलंत?”

“अजून बरंच उतरवायचंय.”

तिने काटा उलटा केला, खालचं बटण दाबलं आणि त्यांना पुन्हा उभं केलं. एकोणपन्नास.

“बाबा, ते पौंड होते. तिकडे पौंडात मोजतात.”

कारकून काट्यावरून खाली उतरले. “तुझी आई असती,” ते हळूच म्हणाले, “तर पहिल्या आठवड्यातच ओरडली असती.” मग लेकीने वाढलं, आणि दोघं डोळे पुसत जेवले.

ती परत गेल्यावरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी फोन केला. “बावन्न! किलो!”

“वा! बाबा, बूट काढले होते ना?”

“बूट... पायातच आहेत.”

“आणि कोट?”

“थांब.” बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला. “साडेएकोणपन्नास. पण यातला अर्धा किलो अस्सल माझा आहे हं.”

“बाबा, फोन हातात धरूनच उभे राहिलात का?”