चांगोच्या गोठ्यापुढचा शनी

कडावच्या शाळेच्या फाटकावर सुरभीबाईंनी पुठ्ठ्याचा सूर्य टांगला आणि गावाचे ग्रह तिथूनच फिरले. सूर्य मीटरभर, तर त्या मापात पृथ्वी वाटाण्याएवढी. ती दत्ताच्या गिरणीपाशी आली. अंतरंही त्याच मापात. मुलांनी भर उन्हात टेप धरून रस्ता मोजला होता. दुपारी कर्जतहून पाहुणे येणार होते आणि बाईंची ही पहिलीच नोकरी.

मापानं गुरू हिरूच्या अंगणात आला आणि शनी, कडी घालून, बांबूवर, थेट गावाबाहेर चांगोच्या गोठ्यासमोर.

"बाई, उचला तो! माजी म्हस गाभण हाय."

"चांगोकाका, हलवला तर अंतर चुकेल."

"आन् माजं नशीब चुकंल त्याचं काय?"

बाईंची पाठ वळताच चांगोनं शनी हिरूच्या अंगणात रोवला आणि गुरू स्वतःकडे आणला. हिरूच्या वनिताचं लग्न जमत होतं. ऐन वेळी गुरू जाऊन शनी आलेला बघून हिरू हबकला. त्यानं बांबू उपटला आणि गिरणीपाशी टेकवला. दत्ताही काही खुळा नव्हता. "शाळेचा माल शाळेत," म्हणत त्यानं शनी फाटकाला लावला. बाई बाहेर येऊन बघतात तर शनी सूर्याला चिकटलेला! पाहुण्यांची गाडी निघाल्याचा फोनही आला.

बाई शनी घेऊन तडक चांगोकडे.

"काका, खरा शनी पाण्याहून हलका. मावेल एवढं टाकं मिळालं तर तरंगेल."

चांगोनं म्हशीच्या टाक्याकडे पाहिलं. "मंग साडेसाती एवढी जड कशी?"

"ते मला नाही ठाऊक. पण दुर्बिणीतून सगळ्यांत देखणा तोच."

"देखना तर हाय गं," येसूबाई नवऱ्याला न विचारताच म्हणाली. "ऱ्हाऊ द्या की."

बाईंनी शनी गोठ्यासमोर रोवला आणि गुरू हिरूच्या अंगणात परत नेला. पाहुणे आले, गुरूपाशी क्षणभर थांबले आणि शनीपाशी रेंगाळले. फोटो निघाले. चांगो छाती काढून सांगत होता, "ही कडी पुठ्ठ्याची. खरी बर्फाची नि दगडांची हाय. आमचा शनी लय हलका!"

सोमवारी त्या ग्रह गोळा करायला निघाल्या. गुरू मिळाला, पृथ्वी मिळाली. चांगो मात्र बांबूसमोर आडवा उभा. बांबूला ताजं लिंबू आणि मिरच्या बांधलेल्या.

"काका, हे कशाला? तुमच्या म्हशीसाठी?"

"म्हशीला काय धाड भरलीय?" चांगो आवाज खाली आणून म्हणाला. "हिरू सारका बघतोय, बाई. आमच्या शनीला दिष्ट लागंल."