हार्कर रिगवरचं फाटक

नकाशा नवख्यांना लागतो, असं क्लिफर्ड मेटकाफ उभ्या यॉर्कशायरला ऐकवत आला होता. "डोळे बांधून सोडा मला हार्कर रिगवर," तो म्हणायचा, "चहाच्या वेळेला घरी हजर असेन." गाव मान डोलवायचं. जन्मभर एकाच मार्गावर बस चालवलेल्या माणसाला रस्ता चुकायची संधीच कुठे मिळाली, हे त्याच्या तोंडावर कोण बोलणार?

त्याची बायको मॅव्हिस मात्र गावामागच्या त्या डोंगरधारेवर, रिगवर, कधी गेलीच नव्हती. कारण तिचे गुडघे. यंदा वसंतात तिला नवा गुडघा बसला आणि त्याबरोबर एक नवी कल्पनाही तिच्या डोक्यात बसली. ब्रिडलिंग्टनला तिच्या बहिणीच्या, एडिथच्या शेजारचं बैठं घर रिकामं होतं. जिना नाही, चढ नाही, समोर समुद्र.

"इथे काय आहे आपल्याला?" मॅव्हिस विचारायची.

"रिग आहे," क्लिफर्ड म्हणायचा.

"ती तुला आहे. मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्याची कोळशाची खोली आहे."

उन्हाळाभर हा वाद चालला. शेवटी क्लिफर्डने पैज लावली. मॅव्हिसने एकदा वर येऊन बघायचं. ते बघूनही जावंसं वाटलं, तर तो स्वतः सामान बांधून देणार.

"एकदाच," मॅव्हिस म्हणाली. "आणि सँडविच मी करणार. तू चीज कापतोस की फोडतोस, कळत नाही."

ऑगस्टातल्या शनिवारी ते निघाले. मॅव्हिसने मोहरीच्या फुलांसारखी पिवळी पावसाळी टोपी घातली होती, आणि ती क्लिफर्डला उगीचच लाज आणत होती. अर्ध्या चढावरच बाई थबकली. हेदरची झुडपं ऐन फुलात होती. सगळा उतार जांभळा, आणि त्याला मधाचा वास.

"अरे बापरे," ती म्हणाली.

"हे काहीच नाही," क्लिफर्ड म्हणाला. "हे अंगण आहे. देऊळ वर आहे."

ते वर पोचले आणि देवळाचं दार बंद झालं. धुकं आलं. येतो म्हणून सांगून नाही, कोणी दुलई झटकून पांघरावी तसं. क्लिफर्डला आपले बूट दिसेनात. पायाखालून एक रानकोंबडा कर्कश ओरडत उडाला आणि दोन हातांवर नाहीसा झाला. मॅव्हिस मात्र तोंड उघडं टाकून त्या पांढऱ्या शांततेकडे बघत होती. "किती गप्प आहे रे सगळं," ती कुजबुजली. क्लिफर्डही गप्प होता, पण वेगळ्या कारणाने. वाट कुठे गेली, हे त्याला कळत नव्हतं.

तेवढ्यात दगडी भिंत आली आणि भिंतीत फाटक. क्लिफर्डच्या जिवात जीव आला. फाटकापाशी एक मेंढी रवंथ करत उभी होती. पाठीवर निळा पट्टा, शिंग एकच. मॅव्हिसने तिला सँडविचची कड दिली. क्लिफर्ड फाटक लावणार, तोच मागून धुक्यात पाच टोप्या हलल्या. आता डोंगरावरचा रिवाज असा, की मागून कोणी येत असेल तर फाटक धरून उभं राहायचं, मग तो पाव मैल लांब का असेना. क्लिफर्डने धरलं.

"आभारी आहे." "फार आभारी." "आभार." पाचजण पाच आभार मानून गेले. त्यांतले शेवटचे, उंच काठीवाले गृहस्थ, जरा थांबले. शेजारच्या खोऱ्यातल्या चालणाऱ्यांच्या क्लबाचे ते प्रमुख, मिस्टर अकरॉइड.

"जरा दमट आहे आज," ते म्हणाले. त्यांच्या नाकावरून थेंब ओघळत होते.

"पण पाऊस नाही, हे एक बरं," क्लिफर्ड म्हणाला.

इतकं बोलल्यावर आणखी काही विचारणं म्हणजे आगाऊपणा. क्लिफर्डने बायकोला खूण केली. "यांच्या मागे राहू. म्हणजे, आपली सोबत होईल त्यांना."

पुढे एके ठिकाणी भिंत ढासळली होती. मिस्टर अकरॉइड बाजूला झाले. "तुम्ही आधी." "छे, तुम्ही." "नाही नाही, बाई आहेत बरोबर." झालं, मेटकाफ दांपत्य पुढे. क्लिफर्ड तोऱ्यात चालला, कारण मागे माणसं असली की तोरा आपोआप येतो. मग पुन्हा फाटक आलं. त्याने पुन्हा धरलं, पुन्हा पाच आभार, पुन्हा ते पुढे. मग ढासळलेली भिंत. मग फाटक.

"काय हो ही फाटकं," क्लिफर्ड कुरकुरला. "गेल्या वर्षी एकच होतं. पैसे उतू चाललेत कोणाचे तरी."

"क्लिफर्ड," मॅव्हिस म्हणाली, "ही मेंढी मघाचीच आहे."

"मेंढ्या सगळ्या सारख्याच दिसतात."

"एका शिंगाच्या?"

"असेल त्यांची तशी जात."

मेंढी सरळ मॅव्हिसजवळ आली आणि तिच्या पिशवीत तोंड घालून उभी राहिली. मॅव्हिसने एकदा मेंढीकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि जे या डोंगरावर आजवर कोणी केलं नसेल ते केलं. तिने अनोळखी माणसाला थेट प्रश्न विचारला.

"मिस्टर अकरॉइड, माफ करा, पण तुम्ही चाललाय कुठे?"

मिस्टर अकरॉइड कानापर्यंत लाल झाले. "आम्ही? आम्ही तर तुमच्या टोपीच्या मागे चाललोय. टोपी इतकी ठाम दिसत होती."

सातजण एकदम "माफ करा" म्हणाले. मग कोणी कोणाची माफी मागायची, यावर आणखी माफ्या झाल्या. क्लिफर्डला तोंड लपवायला जागा हवी होती. तो एक पाऊल मागे सरला, आणि डोंगराने त्याला जागा दिली. काळ्या भसभशीत चिखलात तो मांडीपर्यंत गेला. गुडघ्यात काहीतरी कट्कन वाजलं.

"हलू नका," मिस्टर अकरॉइड म्हणाले. पाचजणांनी त्याचे हात, दंड आणि कॉलर धरली. "एक, दोन..."

आणि धुकं उठलं.

एका बाजूने कडेला धरून कोणी ते उचलल्यासारखं. खाली सगळा मुलूख जांभळा होता, दरीमागून दरी, धारेमागून धार, आणि ढगांच्या सावल्या त्यावरून कळपासारख्या चालल्या होत्या. भिंतींचे धागे, कुठे एखादं घर, नखाएवढं. आणि अगदी टोकाला, आकाश संपतं तिथे, समुद्राची चकचकीत रेघ.

पाचहीजणांनी वळून पाहिलं. आणि वळताना क्लिफर्डला सोडलं.

तो पुन्हा चिखलात बसला, आता कमरेपर्यंत. पण ओरडला नाही. पन्नास वर्षं तो इथे येत होता, आणि छाती अशी भरून यायची ती आजही भरून आली. चिखलातून तर ते सगळं आणखीच मोठं दिसत होतं. मेंढीसुद्धा रवंथ थांबवून उभी होती. मॅव्हिसने टोपी काढून छातीशी धरली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली.

"जन्मभर सांगतोय," क्लिफर्ड चिखलातून म्हणाला.

"असं नाही सांगितलंस."

मग कोणाला तरी त्याची आठवण झाली. क्लिफर्ड वर आला, डावा बूट आला नाही. खाली त्याला दोघांच्या खांद्यांवरून आणावं लागलं, पण चेहरा वरातीतल्या नवरदेवाचा होता. पैज तो जिंकला होता. त्याच संध्याकाळी मॅव्हिसने एडिथला फोन करून सांगितलं, आम्ही कुठेही येत नाही.

गुडघा मात्र गेला तो गेलाच. डॉक्टरांनी चढ बंद केला. मॅव्हिस आता मिस्टर अकरॉइडच्या क्लबात आहे. दर शनिवारी ती पिवळी टोपी घालून आणि मेंढीसाठी सँडविचची कड घेऊन रिगवर जाते, आणि क्लिफर्ड स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून शेजाऱ्याची कोळशाची खोली बघतो.

परवा ती परत आली. गाल लालबुंद, केसांत हेदरची फुलं. तिने त्याच्यासमोर चहा ठेवला, त्याच्या गुडघ्याखाली उशी सरकवली आणि मायेने म्हणाली, "एडिथच्या शेजारचं घर अजून रिकामं आहे बरं का. जिना नाही, चढ नाही. तुला तिथे किती बरं पडेल."