अंदमानचं गाऱ्हाणं

जयवंत परबाला पोहता येत नव्हतं, आणि त्याच्या बायकोला, अपूर्वाला, ते माहीत नव्हतं. लग्न ठरताना तिने सहज विचारलं होतं, "तुम्ही मालवणची माणसं, तू समुद्रात पोहत असशील ना?"

"त्यात काय! तळाला जाऊन शिंपले काढायचो," जयवंतने ठोकून दिलं होतं. प्रत्यक्षात त्याचा सारा जन्म विक्रोळीत गेलेला. तळ दिसेल असं पाणी त्याने मोरीतल्या पिंपातच काय ते पाहिलं होतं.

लग्नाच्या वाढदिवसाला अपूर्वाने अंदमानची तिकिटं काढली आणि वर स्कूबा डायव्हिंगही बुक केलं.

"मला जाम भीती वाटते रे," ती म्हणाली. "पण तू आहेस ना!"

त्या दिवसापासून जयवंत हिशोब करू लागला. खरं सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर जीव जातो. शेवटी, अपूर्वा ऑफिसला गेली की तो मोरीत शिरून पिंपात डोकं बुडवू लागला. एकदा त्याच्या आईने, प्रेमाताईंनी, ते पाहिलं आणि त्याच्या सदऱ्याला धरून किंकाळी फोडली.

"अहो, धावा! पोरगा जीव देतोय!"

वडील शिवदास धावले. जयवंतने नाक पुसत सगळं सांगितलं. "बाबा, अपूर्वाला कळलं तर माझी वाट लागेल. शप्पथ घ्या!"

"माणसाक कोणाक सांगूचंय नाय," शिवदास गंभीरपणे म्हणाले. "पण एवढ्या लांब समुद्रात जातंस, तर देवाक गाऱ्हाणां घालूक व्हया."

निघायच्या दिवशी सकाळी, मालवणी रिवाजाप्रमाणे देवाला साकडं घालायला, देवापुढे नारळ ठेवला गेला. मागे सगळे हात जोडून उभे राहिले. शिवदासांनी डोळे मिटून सूर लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्यो माझो झील जयवंत अंदमानाक जाता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" घर म्हणालं.

"थंय समुद्राच्या तळाक जातलो. तेका पवाक येणा नाय रे म्हाराजा!"

जयवंतने मोठ्याने खोकून पाहिलं. पण देवापाशी खोटं बोलणं शिवदासांच्या सात पिढ्यांना जमलं नव्हतं.

"तेणा बायलेक थापो मारल्यान. ही गजाल सुनेच्या कानार जावक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात खणखणीत आवाज अपूर्वाचा होता.

जयवंतला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तेवढ्यात अपूर्वा त्याच्या कानाशी आली. हसू दाबून तिचा चेहरा लाल झाला होता.

"अरे वेड्या, स्कूबाला पोहता यावं लागत नाही. तिथला माणूस धरून नेतो. माझ्यासाठी मी आधीच विचारलं होतं."

"खरंच?"

"हो रे. आणि शिंपल्यांचं मी तेव्हाही खरं मानलं नव्हतं."

किती दिवसांनी जयवंतचा श्वास मोकळा झाला! थाप उघडी पडली, तरी बायको हसतेय आणि जीवही वाचला. त्याचे डोळे भरून आले. मनापासून हात जोडून तो देवाकडे वळला. शिवदासांचं गाऱ्हाणं आता शेवटाला आलं होतं.

"झील सुखरूप परत इलो, तर तोच जत्रेक सगळ्या गावासमोर तुझ्या देवळाकडची तळी ह्या काठापासून त्या काठापर्यंत एकटो पवान जातलो, असो नवस बोलतंय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जयवंत सगळ्यांच्या आधी म्हणाला.