पोट भरल्याचा निरोप

पाहुण्याचं पोट भरलं की नाही, हे पाहुण्याला कळत नाही. धुळे-जळगाव या दोन जिल्ह्यांतलं हे सर्वमान्य सत्य आहे. विज्ञानानेही त्याला अलीकडेच दुजोरा दिला.

तो असा. धरणगावचे भटूनाना आपल्या लेकीची, मोहिनीची, सुपारी फोडायला तिला घेऊन शिंदखेड्याला गेले. नानांची साखर तीनशेच्या घरात. डॉक्टरांनी बजावलं होतं : अर्धा मांडा, चमचाभर आमरस, जास्त झालं तर थेट दवाखाना. समोर विहीण मंदाबाई, हातात खापरावरचा पुरणाचा मांडा (क्षेत्रफळ : पाहुण्याचं ताट अधिक शेजारच्याचं ताट). नको म्हणावं तर सोयरीक बिघडते, खावं तर नाना बिघडतात.

मोहिनी जीवशास्त्र शिकलेली. धीर करून म्हणाली, "आत्याबाई, पोट भरल्याचा निरोप मेंदूत जातो. तिथल्या पेशीच्या अंगावर केसासारखा एक बारीक तंतू असतो. निरोप घेणारा रिसेप्टर त्या तंतूवर बसलेला असतो. नानांचं पोट भरलंय हो."

निवेदन शांतपणे ऐकून घेण्यात आलं. शिंदखेडा विज्ञानविरोधी नाही. व्याही प्रेमराजआबांनी रीतसर खुलासा मागवला.

"पेशीना मझार नही बसस तो?"

"नाही आबा, बाहेर. केसावर."

"अन केस एकच?"

"एकच."

"मंग निरोप पोचाले येळ लागीच ना, बेटा!"

यावर पंगतीचं एकमत झालं. निरोप पोचेपर्यंत पाहुण्याला रिकाम्या ताटावर बसवणं हा त्या रिसेप्टरचाही अपमान आहे. दुसरा मांडा पडला. (वाढणाऱ्या अकरा, केस एक. निकाल उघड होता.) चुलीपाशी कुणीतरी लगेच ओवी जुळवली :

पाव्हना म्हने बस बस, इहीन म्हने जरासं,
टकुरामा केस एकला, त्याले कोन पुसस?

नानांनी ताटावर हात आडवा धरला. मंदाबाईंनी हातावरच रस वाढला. "लाजू नका, नाना. तुम्हनी पोरले आमना घर पोटभर भेटी का नही, ते तुम्हीच खाईसन देखा!"

नानांनी लेकीकडे पाहिलं. लेक नवरदेवाकडे, किरणकडे बघत होती. जोंधळ्याच्या कणसावर पाखरू उतरावं तसं हसू तिच्या ओठांवर उतरलं होतं. नानांनी तिसरा मांडा मोडला.

सोयरीक पक्की झाली. संध्याकाळी नाना धुळ्याच्या दवाखान्यात भरती झाले. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' या पाटीच्या खिळ्याला डब्यांच्या पिशव्या अडकवण्याची उत्तम सोय होती. रिकाम्या हाताने आजारी माणसाला भेटणारा माणूस आपल्याकडे अजून जन्मायचा आहे.

तुम्हीही आला होतात. "साखर कमी घातलीय, नाना," म्हणत शिऱ्याचा चमचा त्यांच्या ओठांशी धरलात. नानांनी तोंड फिरवलं. तुम्ही हनुवटीला धरून ते परत आपल्याकडे वळवलंत. किती मायेनं!