पाचशे एमबीचं अतिक्रमण

"हे कोनाचं हाये?" देवराव तेलगोट्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलेल्या जागावाटपाच्या यादीवर बोट आपटलं. "नाव नाही, अक्षर नाही, अन् बसलं सगळ्याइच्या आंधी येऊन. पाचशे एमबी! कोनाले इचारून बसलं?"

"बाबा, ते सिस्टिमचं असते. त्याले हात नोका लावू," धर्मेंद्र म्हणाला.

देवराव भूमी अभिलेख कार्यालयातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या हद्दी मोजल्या होत्या आणि बेवारस असा हातभर तुकडाही नकाशावर शिल्लक ठेवला नव्हता. पेन्शन महिन्यातून एकदा येत असे, राग रोज येई. गेली सहा वर्षं त्या रागाला कायमचा पत्ता मिळाला होता: शेजारचे ओमप्रकाश गावंडे. गावंड्यांची भिंत आपल्या प्लॉटमध्ये दीड फूट आत आली आहे, हे देवरावांनी स्वतः टेप धरून सिद्ध केलं होतं. त्याबद्दलचे सदतीस अर्ज, दोनशे फोटो आणि स्वहस्ते काढलेला नकाशा, सगळं या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये 'दीड फूट' नावाच्या फोल्डरात होतं. उद्या सोमवारी अकरा वाजता सुनावणी होती.

आणि नेमका कॉम्प्युटर प्रिंट देईना. सुरू व्हायलाच चौदा मिनिटं, मग 'तुमच्या सिस्टिमची मुदत संपली आहे' अशी पाटी, आणि चाळिसाव्या पानावर फतकल. देवरावांनी जन्मभर दुसऱ्यांना नोटिसा दिल्या होत्या. स्वतःला आलेली त्यांना सहन झाली नाही. त्यांनी अकोल्याला फोन करून मुलाला रविवारी सकाळीच अमरावतीला बोलावून घेतलं. धर्मेंद्र विमा कंपनीत होता. ऑफिसातला बंद पडलेला प्रिंटर त्याने एकदा सुरू केला होता, तेवढ्यावर तो घरात इंजिनियर ठरला होता.

"डी मधलं कुठं कॉपी करून घे ना बाबू," ललिताबाई चहा ठेवत म्हणाल्या.

"आई, पेनड्राइव्ह एकच हाये अन् त्याच्यात नवी सिस्टिम हाये. ते सी मंदी बसते. डी ले धक्काबी लागत नाही."

एवढ्यात त्याला बायकोचा, आरतीचा फोन आला. "हात नोका लावू बरं," असं पुन्हा बजावून तो बोलत गॅलरीत गेला.

देवराव आणि ते पाचशे एमबी समोरासमोर राहिले. सीला अक्षर होतं, डीला अक्षर होतं, याला काहीच नव्हतं. खाली 'डिलीट' असं बटण होतं. नोकरीत अतिक्रमण काढायला देवरावांना पोलीस बंदोबस्त लागला होता, जेसीबी लागला होता, तिवस्याकडे एकदा दगडही खावे लागले होते. इथे नुसतं एक बटण. त्यांनी ते दाबलं आणि समाधानाने चहा ओढला.

धर्मेंद्र परत आला, 'पुढे' दाबलं, आणि पडद्यावर पाटी आली: नवं पार्टिशन तयार करता येत नाही, जुनं सापडत नाही.

"बाबा, तुमी हात लावला का?"

"म्या फक्त अतिक्रमण काढलं."

"अतिक्रमण? अवो, कॉम्प्युटर त्याच्यावरच सुरू होते!"

"मंग तसं त्याच्यावर लिवाले काय झालं होतं? ज्याचं सातबाऱ्यावर नाव नाही त्याचा कब्जा म्या काहून मानू?"

आता जुनी सिस्टिम सुरू होईना आणि नवी बसेना. धर्मेंद्रने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस तोंड न दाखवता हिंदीत सांगत होता, 'घबराने की कोई बात नहीं है.' ते ऐकून ललिताबाई घाबरल्या.

त्या माणसाच्या सांगण्यावरून धर्मेंद्रने एक काळी खिडकी उघडली, तो म्हणेल ती अक्षरं टंकली आणि शेवटच्या शब्दापाशी तो थांबला. "आता म्हनते 'क्लीन' लिवा."

"म्हंजे?"

"साफसफाई. कचरा निघून जात असंल."

"मंग कर ना! इचारून काय राहिला?"

धर्मेंद्रने एन्टर दाबलं. एका सेकंदात काम झालं. इतक्या तडफेने झालेलं काम देवरावांनी सरकारी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं, आणि ते तसं बोलून दाखवणार, तोच यादी पुन्हा समोर आली. सी नव्हता. डी नव्हता. एकच ओळ होती: मोकळी जागा, चारशे पासष्ट जीबी.

"डी कुठं गेला?"

धर्मेंद्रने व्हिडिओ मागे ओढून पुन्हा लावला.

"अरे डी कुठं गेला? भिंत पाडाले सहा वर्षं झाले, एक ईट हालली नाही, अन् पुरावा तुवा एका बोटानं सपाट केला! विम्यात हाये ना तू? लोकाइचं नुकसान भरून देतं म्हने! माह्यं भरून दे!"

"पयला फावडा कोनं मारला, बाबा?"

"थो इडिओवाला कुठं राहते? पत्ता काढ त्याचा! आत्ता काढ!"

"कागद असतीन ना," ललिताबाई म्हणाल्या.

"कागद दिवाळीत रद्दीत देले. तूच म्हनली अलमारीतली अडगळ काढा म्हनून."

"म्या तुमच्या जुन्या पँटी म्हनल्या होत्या."

राहता राहिली कार्यालयातली प्रत. पण तिथे चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला त्या आशेवर एक दिवसही जगता येणं शक्य नव्हतं. देवरावांनी कॉम्प्युटरला, कंपनीला, मुलाला आणि मुलाच्या शाळेतल्या मास्तरांना क्रमाने शिव्या दिल्या. ते दम घ्यायला थांबले तेव्हा ललिताबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "गावंडे भाऊजीपाशी असंल."

"काय असंल?"

"सगळंच. परतेक अर्जाची कॉपी त्याइले देत होते ना तुमी? पोच घेऊ घेऊ."

ते खरं होतं. नियम म्हणजे नियम. विरुद्ध पक्षाला प्रत दिल्याशिवाय देवरावांनी एकही अर्ज पुढे पाठवला नव्हता.

गावंडे एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. देवरावांना फाटकात बघून त्यांनी सवयीने खिशातलं पेन काढलं. "या साहेब. आज रविवारची पोच?"

"पोच नाही. थे..." देवरावांनी घसा खाकरला. "म्या देलेल्या कॉप्या हायेत का?"

"हायेत ना." गावंडे आत जाऊन सुतळीने बांधलेला गठ्ठा घेऊन आले. तारीखवार लावलेला. "सदतीस अर्ज, फोटो, नकाशा. पस्तिसावा तुमी दोनदा देल्ला होता, दोनी हायेत."

"घंट्याभरात झेरॉक्स करून वापस देतो."

"न्या ना. फक्त इथं सई करा. पोच."

देवरावांनी सही केली. गठ्ठा काखोटीला मारून ते वळले, तेव्हा गावंडे म्हणाले, "एक सांगू का? उद्या साहेबाफुडं सांगनार होतो. पन तुमी सोताहून आले, आता लपवून ठेवनं बरं नाही दिसत." त्यांनी गठ्ठ्यातला नकाशा ओढून काढला. "तुमी मोजनी या दगडापासून धरली."

"हद्दीचा दगड हाये तो!"

"मायचा कपडे धुवाचा दगड हाये. अचलपूरवरून आनला होता तिनं, शहाण्णव साली. हद्दीचा दगड तुमच्या न्हानीखाली हाये. तुमी न्हानी बांधली तवा माय उभी होती इथं."

"काई पुरावा?"

गावंड्यांनी नुसती घराच्या बाजूला मान वळवली. तिथून धप, धप आवाज येत होता. त्यांची पंच्याऐंशी वर्षांची माय, गंगूबाई, नातवाची जीन्स त्या शासकीय दगडावर आपटत होती.

देवराव तिथेच उभे राहिले. डोक्यात आपोआप टेप पडली, हद्दीचा दगड न्हाणीखाली सरकला, रेघ ओढली गेली आणि आकडा निघाला. दीड फूटच. फक्त दिशा दुसरी होती.

"मंग उद्या येतो ना म्या अकराले?" गावंड्यांनी पेन खिशाला लावत विचारलं.

देवराव घरी आले ते न्हाणीकडे न बघता.

"भेटले का कागद?" ललिताबाईंनी विचारलं.

"भेटले."

"मंग उद्याची तयारी?"

"तारीख वाढवून मांगतो!" ते खेकसले. "आतापासून कायची घाई हाये सगळ्याइले?"

आतून धर्मेंद्रचा दमलेला आवाज आला. "बाबा, सिस्टिम बसली एकदाची. पन तिनं थे पयल्यासारखी जागा पुन्हा सोताच काढून घेतली. बिनानावाची. तुमाले खटकत असंल तर आताच सांगा, मंग माह्या नावानं बोंबलू नका. काढाची का?"

देवरावांनी गठ्ठा टेबलावर आपटला आणि त्या बिननावाच्या ओळीकडे पाहिलं.

"राहू दे," ते रागानेच म्हणाले. "बसली हाये तर बसू दे. कोनाले नडून राहिली का थे?"